जुन्या फियाटचा गंजलेला पत्रा : घरी किती करावं, कुठे थांबावं?

दांडा गियर

मंडळी, माझी फियाट १९७२ ची. 'पद्मिनी' असं बारसं व्हायच्या आधीची. इंजिन गेल्या वर्षी उघडून झालं, गाडी चालते, वळते आणि बऱ्याचदा थांबतेही. आता पत्रा. या मंचावर कार्ब्युरेटरवर आणि स्टिअरिंगच्या गियरवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत, पण पत्र्याचा विषय निघाला की 'चांगला डेंटर बघा' एवढं सांगून सगळे मोकळे होतात. म्हणून हा धागा. मी हौशी माणूस, पोटापाण्याचा धंदा वेगळा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या. फियाट ११०० ला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दाराखालची सिल, खांब, टप, सगळं एकमेकांना जोडलेलं आणि गाडीचं वजन पेलायचं ते यांनीच. त्यामुळे मडगार्डचं भोक आणि सिलचं भोक दिसायला सारखं असलं तरी मडगार्ड दिखाऊ आहे, सिल कणा आहे.

पाहणीला फार काही लागत नाही. बोथट स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी आणि फडक्यात गुंडाळलेला चुंबक. हातोडीचा आवाज टणक आला तर पत्रा जिवंत. 'थप' असा बसका आला तर खाली लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आहे किंवा गंजाचे पापुद्रे. स्क्रू ड्रायव्हर अंगठ्याच्या जोराने आत गेला तर प्रश्नच मिटला.

माझ्या डाव्या सिलवर चुंबक टेकवला तो घसरून खाली पडला. वरून रंग असा गुळगुळीत की हात फिरवत बसावं. ग्राइंडरने रंग उडवला, खाली राखाडी लांबी, चांगली बोटभर जाड. ती फोडली तर आतून गोणपाट आणि वर्तमानपत्राचे बोळे निघायला लागले. कधीकाळी कुठल्यातरी गॅरेजात कुणीतरी भोक बोळ्यांनी बुजवून वरून लांबी थापली होती. एका बोळ्यावर राशिभविष्य शाबूत होतं. कुंभेला त्या आठवड्यात वाहनसौख्य होतं.

तर माझं म्हणणं असं की गंज दिसतो तिथे पाणी येऊन थांबलेलं असतं, शिरलेलं असतं भलतीकडून. पत्रा कापण्याआधी पाण्याची वाट शोधा. माझ्याकडे पुढच्या काचेचं रबरी बीडिंग खालच्या कोपऱ्यात कडक होऊन उचललं होतं. पाणी तिथून डॅशबोर्डच्या मागे, तिथून पायाशी, आणि रबरी मॅटखालच्या नमद्यात. नमदा एकदा भिजला की दिवाळीपर्यंत सुकत नाही. वरची मॅट मात्र कोरडी ठणठणीत, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. दारांचंही तेच. काचेच्या कडेची पट्टी वाळली की पाणी दारात उतरतं. ते बाहेर जायला तळाशी भोकं असतात, पण आधीच्या रंगकामात ती लांबीने बुजवलेली.

तळाचा ड्रायव्हरकडचा तुकडा मी बदलला आहे. पद्धत थोडक्यात सांगतो. गंज दिसतो त्याच्या बाहेर, पत्रा चकचकीत आणि पूर्ण जाडीचा लागेल तिथपर्यंत कापायचं. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा नमुना काढायचा, कोपरे गोल ठेवायचे. चौकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथूनच पुढे चीर जाते. तळाला १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा गुळगुळीत) पत्रा घेतला, म्हणजे साधारण १.२ मिमी. बाहेरच्या अंगाला २० गेज पुरतो, ०.९ च्या आसपास. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, वापरू नका. त्यावरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेने धूर होऊन उडतं, तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

आता विचारायचं आहे ते हे. सिल घरी करावी का? गंज काळा करणारं ते औषध मिळतं, त्याचा कुणाला अनुभव? आणि रंगाआधी खाली काय मारता?

खवचट पुणेकर

वाहनसौख्य 'होतं' ना, 'टिकेल' असं म्हटलं नव्हतं ज्योतिषाने.

बाकी मुद्द्याचं. कुंडीत मोगरा लावून गाडी दारात उभी करायचा पर्याय विचारात घेतला होता का? खर्च कमी, शेजारी खूश.

लांबीवाला

पुणेकरांना नंतर बघू. दांडाभाऊ, वडिलांचं डेंटिंगचं दुकान होतं, मी शाळेतून आलो की ग्राइंडर धरायचो. आता धंदा करत नाही, पण हात विसरलेला नाही.

पहिलं, लांबीला शिव्या देणं थांबवा. लांबी चांगल्या पत्र्यावर, दोन-तीन मिलिमीटरच्या आत असेल तर आयुष्यभर राहते. जगातल्या कुठल्याही उत्तम गाडीवर ती असते. गंजावर ती टिकत नाही, कारण पॉलिस्टर लांबी पाणी शोषते. खाली गंज, वर ओलावा धरून ठेवणारा थर, मग फुगा येणारच. तुमच्या गाडीत लांबीचा दोष नाही, ती थापणाऱ्याचा आहे.

दुसरं, वेल्डिंग. जुन्या गाड्यांवर गॅसने पितळ मारलेलं असतं. पिवळट रेघ दिसली तर सावधान. त्या पितळावर सीओटू वेल्डिंग (तार आणि गॅसवर चालतं ते) धरत नाही, टाका फसफसतो, भोकं पडतात. पितळ लागलेला भाग पूर्ण कापून बाजूला टाका, घासून जात नाही ते.

तिसरं, टाके. पातळ पत्र्यावर सरळ रेघ ओढलीत तर पत्रा पापडासारखा होईल. एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला, मग मध्ये, मग उरलेल्या अर्ध्यांच्या मध्ये. प्रत्येक टाक्यानंतर हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. घाई म्हणून ओलं फडकं मारू नका, टाका कडक होतो आणि त्या पाण्याने लगेच गंज धरतो. दोन पत्र्यांमध्ये पत्र्याच्या जाडीइतकी फट ठेवा. मागे तांब्याची जाड पट्टी दाबून धरलीत तर भोक पडत नाही, तांब्याला टाका चिकटत नाही. वेल्डिंगची तार ०.८ मिमीची सगळीकडे मिळते, ०.६ मिळाली तर पत्र्याला आणखी बरी. गॅस शुद्ध सीओटू चालतो, पण आर्गॉन मिसळलेला घेतलात तर ठिणग्या कमी आणि पत्रा कमी तापतो. बिनगॅसची तार येते ती जाड अँगलला ठीक, मडगार्डला नको.

सिलबद्दल वेगळं लिहितो, जेवून येतो.

रसायनी

लांबीवाले काका जेवेपर्यंत मी औषधाचं सांगते. रसायनशास्त्र शिकवायचे, गाड्यांमधलं फारसं कळत नाही.

बाजारात गंज बदलणारी औषधं येतात ती मुख्यतः दोन जातीची. एकात फॉस्फोरिक आम्ल, ते गंजाचं लोह फॉस्फेट करतं. दुसऱ्यात टॅनिन, त्याने लोह टॅनेट होतं, म्हणून निळसर काळा रंग येतो. सोबत एक राळ असते, ती वाळून पातळ पापुद्रा होते. दोन्ही औषधं पृष्ठभागावरच्या गंजावर काम करतात. पापुद्र्यांचा जाड गंज असेल तर वरचा थर काळा होतो आणि खालचा तसाच जिवंत राहतो. म्हणून आधी वायर ब्रश, मग औषध. आणि पत्र्याला आरपार भोक असेल तर औषध काय करणार?

एक गोष्ट बहुतेक जण सांगत नाहीत. फॉस्फोरिकचा अंश राहिला आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर मारला, तर तो नीट धरत नाही. इपॉक्सीचं हार्डनर, म्हणजे त्यात मिसळायचा घट्ट करणारा भाग, अमाइन जातीचं, म्हणजे आम्लारिधर्मी. आम्ल शिल्लक असलं की त्यांचं जमत नाही. त्यामुळे एकतर औषध मारा आणि त्याच कंपनीने सांगितलेला प्रायमर लावा, किंवा औषध न लावता धातू उघडा करून थेट इपॉक्सी मारा. दोन्ही करायला जाऊ नका.

बिजागऱ्या, कंस, नट-बोल्ट असल्या सुट्या भागांना विद्युत अपघटन छान चालतं. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक भंगारातल्या लोखंडी पट्टीला. पट्टी कधीही स्टेनलेसची घेऊ नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर.

वसुधा रत्नागिरी

रसायनीताई, टॅनिनवरून आठवलं. आमच्याकडे हिरडा आणि लोखंडाच्या पाण्याने काळा रंग करायचे, आजी सांगायची. म्हणजे तेच झालं ना हे? हिरड्याचं पाणी मारून बघावं का?

रसायनी

तत्त्व अगदी तेच, वसुधाताई. हिरड्यात भरपूर टॅनिन असतं. पण त्यात राळ नाही, त्यामुळे काळा झालेला थर उघडाच राहतो, पहिल्या पावसात परत तांबडं. हौस म्हणून विळ्यावर करून बघा, गाडीवर नको.

गोड प्रयोग हवा असेल तर काकवी आहे. एक भाग काकवी, साधारण नऊ भाग पाणी, त्यात गंजलेले लोखंडी भाग आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवायचे. गंज सुटतो, चांगलं लोखंड खात नाही. अॅल्युमिनियम आणि ओतीव जस्ताचे भाग मात्र टाकू नका. वास येतो. घरातल्यांना आधी सांगून ठेवा.

खवचट पुणेकर

कोल्हापूरहून काकवी आणून फियाटच्या बिजागऱ्यांना पाजणार. आणि आम्हाला म्हणे कंजूष.

लांबीवाला

जेवलो. सिल.

सिल घरी करता येते, पण कापायच्या आधीची तयारी जितकी निम्मी तितकं काम दुप्पट. गाडी सपाट जमिनीवर पाहिजे, वजन तिच्याच चाकांवर किंवा अॅक्सलखाली घट्ट टेकूंवर. मध्ये जॅक लावून सिल कापलीत तर गाडी मधून वाकते, आणि मग तीच वाकलेली ठेवण तुम्ही वेल्ड करून पक्की करता. नंतर दार लागत नाही, वर काच तडकते. दार उतरवण्याआधी दाराच्या चारही बाजूच्या फटी मोजून मास्किंग टेपवर लिहून ठेवा. दार निघालं की दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा तिरपा आधार टाक्यांनी बसवा, पुढच्या खांबापासून मागच्यापर्यंत, वर-खाली दोन. तो काम संपेपर्यंत निघत नाही.

एका वेळी एकच बाजू. आणि एका बाजूतही अख्खी सिल एकदम नको, तुकड्यातुकड्याने. सिल म्हणजे बाहेरचा एक पत्रा नाही, आत दुसरा असतो, दोघं मिळून पोकळ नळी बनते. बाहेरचा नवा आणि आतला चाळणी, असं केलंत तर परत तेच. आतला उघडा पडला की तो आधी नीट करायचा.

वडील शिंप्याकडे बोट दाखवायचे. तो आधी कच्चा टाका घालतो, अंगावर चढवून बघतो, मग शिवतो. सिल टाक्यांवर बसवा, दार लावून बघा, फटी मोजा. बसली तरच पक्कं करा.

आता खरं बोलतो. पहिल्यांदा वेल्डिंग धरणाऱ्याने सिलला हात लावू नये. आधी तळ करा, तुम्ही केलाच आहे. मग डिकीतली स्टेपनीची जागा, मग बॅटरीखालचा पत्रा. तो बहुतेक गाड्यांत आम्लाने गेलेला असतो. हे दिसत नाहीत, चुकलं तरी कुणी हसत नाही. शेवटी सिल. तीसुद्धा एखादा जुना डेंटर रविवारी येऊन बघून जाईल अशी सोय करून.

तिसरा मजला

लय भारी धागा. आमची सोसायटी, स्टिल्ट पार्किंग. १५ अँपियरच्या सॉकेटवर वेल्डिंग मशीन चालेल का? सेक्रेटरी काय म्हणतील ते सोडा, फ्यूज काय म्हणेल ते सांगा.

दांडा गियर

पत्र्याला करंट फार लागत नाही. २० गेजला ४०-६० अँपियर वेल्डिंग करंट पुरतो, तो मशीनच्या आऊटपुटचा. भिंतीतून त्याच्या मानाने बराच कमी ओढला जातो. छोटं इन्व्हर्टर मशीन २३० व्होल्टवर मजेत चालतं. लांब आणि बारीक एक्सटेन्शन वायर मात्र नको, ती तापते आणि टाका कमजोर पडतो.

पण सोसायटीत करू नका असंच म्हणेन. आवाजापेक्षा आगीसाठी. खाली शेजाऱ्यांच्या गाड्या, वर सगळ्यांच्या मीटरच्या वायरी. जिथे कराल तिथे बॅटरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्या. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आत वाफ असते. नमदा, सीट, वायरिंग बाजूला करा. तळाला खालून डांबर किंवा अंडरकोटिंग असेल तर ते खरवडा, कारण वर टाका मारता तेव्हा खाली ते पेटतं आणि मास्कमधून तुम्हाला दिसत नाही. एक माणूस पाण्याची बादली आणि अग्निशामक घेऊन फक्त बघायला बसवा. काम संपल्यावरही तासभर गाडी सोडून जाऊ नका.

तिसरा मजला

समजलं. सासऱ्यांच्या शेतावर नेतो. बघायला बसवायला सासरे आहेतच.

मिशिगनकर

इथे गंजाचा विषय म्हणजे घरचं कार्य. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि डेट्रॉइट शहराच्या खालीच मिठाची खाण आहे, हजार फुटांहून खोल. त्यामुळे इकडे गाडी खालून सडते. चाकाच्या कमानी, ब्रेकच्या नळ्या. तुमचं वर्णन वाचून लक्षात आलं की आपल्याकडे ती वरून आणि आतून सडते, पाणी अडकून. उपाय मात्र दोन्हीकडे पोकळीतच आहे.

वेल्ड झालेल्या सिलच्या आतल्या अंगाला रंग पोचत नाही, आणि टाक्याच्या मागचा पत्रा उष्णतेने उघडा पडलेला असतो. इथे पोकळीत मेण फवारतात. लांब, लवचिक नळी, टोकाला चारी दिशांना फवारणारी तोटी. सिलला आतून बारीक भोक असतं किंवा पाडावं लागतं, नंतर रबरी बूच. ते मेण वाळून कडक होत नाही, सरकत राहतं आणि सांध्यात शिरतं. रंग पूर्ण झाल्यावरच करा. आधी केलंत तर त्या जागी रंग धरणार नाही.

मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इथल्या नावाजलेल्या जुन्या गाड्यांचे पत्रे नवे छापून मिळतात, कॅटलॉग उघडायचा आणि मागवायचे. त्यामुळे पुठ्ठ्याचा नमुना काढून पत्रा वळवणारा माणूस विरळा झाला आहे.

म्हापशेकार

आमच्याकडे पावसाच्या तोंडावर खालून जळकं ऑइल मारतात, डिझेल घालून पातळ करून. आमच्या गोंयांत खारं वारं, तरी काही गाड्या टिकल्या आहेत त्या त्याच्यावरच. हे मेण बिण लागतं का खरंच?

लांबीवाला

टिकतात, खोटं नाही. तेल लागलेल्या पत्र्याला पाणी शिवत नाही. पण सस्पेन्शनच्या रबरी बुशांवर उडालं की ते फुगून मऊ होतात. पहिल्या धुवाधार पावसात निम्मं रस्त्यावर आणि तिथून विहिरीत. आणि पुढे कधी वेल्डिंग करायचं झालं तर तो पत्रा स्वच्छ करता करता तोंडाला फेस येतो. बाहेरच्या अंगाला नीट अंडरकोटिंग, आत पोकळीत मेण. जळकं ऑइल फावड्याला लावा.

वसुधा रत्नागिरी

ताडपत्रीबद्दल कुणीच बोललं नाही. आमची गाडी चार महिने निळ्या ताडपत्रीखाली असायची, घट्ट बांधून. पाऊस लागू नये म्हणून. टप आणि बोनेट जिथे ताडपत्री टेकायची तिथेच बारीक पुटकुळ्या आल्या. उघड्यावर राहिलेली शेजाऱ्यांची गाडी बरी दिसायची.

रसायनी

बरोबर. जमिनीतून उठलेली वाफ ताडपत्रीच्या आतल्या अंगाला लागते, रात्री थंड होऊन टपावर ठिबकते, आणि वारा नसल्याने सुकत नाही. ओल अडकून राहण्यापेक्षा भिजून सुकलेलं बरं. छप्पर असेल आणि चारी बाजू उघड्या असतील तर उत्तम. कव्हर घालायचंच तर श्वास घेणाऱ्या कापडाचं, आणि खाली फरशी किंवा निदान जाड प्लॅस्टिक अंथरून, म्हणजे जमिनीची ओल वर येणार नाही.

दांडा गियर

वसुधाताई, माझ्या टपावरही नेमक्या तशाच पुटकुळ्या आहेत, दोरी बांधायचो त्या रेषेत.

प्रायमरचं राहिलं. मी रेड ऑक्साइडचा डबा आणून ठेवला आहे, लोखंडी गेटचा उरलेला.

लांबीवाला

गेटलाच मारा तो.

साधा प्रायमर सच्छिद्र असतो. त्यावर रंग चढला तर ठीक, नुसता प्रायमर मारून गाडी पावसात ठेवली तर ओल आरपार जाते. मग लोक म्हणतात प्रायमर मारूनही गंज कसा आला. दोन भागांचा इपॉक्सी घ्या, तो पाणी अडवतो. आणि क्रम लक्षात ठेवा. उघडा पत्रा, त्यावर इपॉक्सी, त्यावर लांबी, मग परत प्रायमर, मग रंग. आमच्या वेळी लांबी थेट पत्र्यावर जायची. आता इपॉक्सी मिळतो तर त्याच्यावरच लावा, वॉटर पेपर मारताना पाणी पत्र्यापर्यंत पोचत नाही. बाहेरच्या दोन पत्र्यांच्या सांध्यात सीम सीलर भरायचा, तोही इपॉक्सीवरच.

तळाच्या तुकड्याला पत्र्यावर पत्रा चढवून जोडला असेल तर सीलर वरून आणि खालून दोन्हीकडून. त्या चढलेल्या पट्टीत पाणी शिरलं की पत्रा जेमतेम दोन पावसाळे टिकतो. बाहेरच्या अंगाला मात्र कडेला कड लावूनच जोडा.

रसायनी

पुरवणी. घासलेला पत्रा दमट हवेत काही तासांत तांबूस होतो, हाताच्या घामाचे ठसेसुद्धा उमटतात. म्हणून सकाळी घासला तर तेल-चिकटपणा पुसून त्याच दिवशी इपॉक्सी. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त हवं, असा रंगकामातला नियम आहे. जुलैत ते जमणं कठीण. नोव्हेंबर ते मार्च हे तुमचे दिवस.

आणि शेवटचा रंग घरी मारायचा विचार असेल तर टू-के पीयू (दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) नको. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साधा मास्क त्याला अडवत नाही, कोळशाच्या मास्कवरही फार भरवसा ठेवू नये, आणि दमा लागला की तो जन्माचा. व्यावसायिक लोक बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावून बूथमध्ये मारतात.

लांबीवाला

रसायनीबाईंना दंडवत. प्रायमरपर्यंत घरी, रंग बूथवाल्याकडे. जुना ड्युको (नायट्रोसेल्युलोजचा रंग) घरी मारला जायचा, वाळायचा झटकन, घासून चमकवता यायचा. पण जुन्या इनॅमलवर ड्युको मारलात तर थिनर खालचा थर उचलतो, सगळं सुरकुततं. आधी कोपऱ्यात थिनरचं फडकं घासून बघा, रंग फडक्याला आला तर खाली काय आहे ते कळेल.

खवचट पुणेकर

आता एक कामाचं विचारतो, रेकॉर्डवर यावं म्हणून. गाडी १९७२ ची म्हणजे पन्नाशी उलटली. विंटेज म्हणून नोंदवणार का? सिल बदलली तर अडचण?

दांडा गियर

खवचटराव कामाचं बोलले, तारीख लिहून ठेवा.

२०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, आणि नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. गंजलेला पत्रा त्याच आकारात नवा बसवणं म्हणजे फेरफार नाही असं मी तरी समजतो, पण चाकाची कमान रुंद केली किंवा टप कापला तर प्रश्न येणारच. म्हणून कापण्याआधीचे, कापतानाचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवतो आहे. अशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, त्यामुळे तूर्तास नाही. मला ती भाजी आणायला हवी आहे.

म्हापशेकार

मग सुटे पत्रे कुठे मिळतात आता? सगळाच पुठ्ठा कापत बसायचा?

दांडा गियर

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारावी, नशिबाचा भाग आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सी भंगारात निघायच्या तेव्हा दारं, बोनेटं, डिक्या मुबलक असायच्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली, तेव्हा तो झरा आटल्यात जमा. पण घेताना बघून घ्या, टॅक्सीचं दार वरून चकाचक आणि तळाची घडी खलास, हे नेहमीचं. जाळी आणि दिव्यांची ठेवणही वर्षांगणिक बदलत गेली आहे. मी तर म्हणेन अख्ख्या दारामागे धावण्यापेक्षा तुमच्याच दाराचा खालचा वीतभर पट्टा बदला.

वसुधा रत्नागिरी

तो कसा बदलायचा तेवढं सांगा लांबीवाले काका. आमच्या मागच्या दोन्ही दारांचं तेच झालंय. भाऊ मे महिन्यात येणार आहे, त्याच्याकडे मशीन आहे.

लांबीवाला

वसुधाताई, मे म्हणजे पावसाला जेमतेम महिना. एकच दार धरा. दार उतरवण्याआधी बिजागरीभोवती टोकदार खिळ्याने रेघ ओढून ठेवा, परत बसवताना तीच जागा सापडते. दार टेबलावर गोधडी टाकून आडवं ठेवा. आतलं पॅनेल, काच, काचेची यंत्रणा सगळं काढा, नाहीतर ठिणग्या काचेत रुततात आणि तो ठिपका जात नाही.

बाहेरचा पत्रा तळाशी आतल्या चौकटीवर दुमडलेला असतो. ती घडी ग्राइंडरने कडेकडेने घासा, पत्रा आपोआप सुटतो, छिन्नी घालून उचकटू नका. आतली चौकट बघा, गेली असेल तर आधी ती. बाहेरच्या पत्र्याला काप आडवा घ्यायचा तो दाराच्या सपाट पोटात नको, तिथे उष्णतेने लाट येते आणि ती काढणं भल्याभल्यांना जमत नाही. शक्य तितका खाली, वळणाच्या जवळ घ्या. नवा पट्टा २० गेजचा, तळाला घडीसाठी १२ मिलिमीटर जास्त सोडून. आधी वरचे टाके, मग दार गाडीवर लावून सिलशी फट बघा, मग परत काढून घडी ठोका. घडीत आधी इपॉक्सी ओता आणि ओला असतानाच दुमडा.

पाण्याची भोकं पाडायला भावाला आठवण करा, तळाशी, दोन्ही टोकांना आणि मध्ये. नंतर पॅनेल बसवण्याआधी काचेच्या फटीतून तांब्याभर पाणी ओतून बघायचं. खालून सगळं यायला हवं.